दोन इंची मावळ्याचे मोठे प्रश्न

दिवाळी अजून लांब आहे पण किल्ल्याची पत्रं आत्ताच यायला लागलीत. मागच्या वेळी हाताने बनवलेल्या 54 मिमीच्या सैनिकांबद्दल मी चार ओळी काय लिहिल्या, निम्म्या लोकांनी तेच धरून ठेवलंय. तर यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला.

काका, मी नववीत आहे, जुळे सोलापूरला राहतो. विकतचे मावळे सगळे एकाच साच्यातले असतात म्हणून एम-सीलचा स्वतः बनवला. पण एम-सील हातातच कडक होतं आणि मावळा कणकेच्या बाहुल्यासारखा दिसतो. काय चुकतंय?

अरे, तू एका बैठकीत अख्खा माणूस उभा करायला बघतोयस, तिथंच गडबड होते. या पुटीचे दोन्ही भाग सारखे घेऊन मळले की कडक व्हायचं घड्याळ सुरू झालं समज, आणि आपल्याकडच्या गरमीत ते अजून जोरात पळतं. म्हणून हरभऱ्याएवढाच गोळा मळायचा, तेवढाच संपवायचा, मग दुसरा.

पहिल्या दिवशी फक्त तारेचा सांगाडा. इलेक्ट्रिकच्या दुकानातली तांब्याची वायर सोलून घे. 54 मिमी म्हणजे साधारण 1:32, म्हणजे 54 गुणिले 32 केलं की 1728 मिमी, खरा माणूस पाच फूट आठ इंचाचा. त्यात डोकं फक्त 7 मिमीच्या आसपास येतं. माझ्या पहिल्या मावळ्याचं डोकं 10 मिमीचं झालं होतं आणि हाताचे पंजे क्रिकेटच्या ग्लोव्ह्जसारखे, तो अजून कपाटात आहे, कोणाला दाखवत नाही. तार वाकवतानाच त्याला एका पायावर भार देऊन उभा कर, ज्या पायावर भार त्या बाजूची कंबर वर आणि खांदा खाली. एवढं जमलं की पुटी लावायच्या आधीच तो माणूस दिसायला लागतो, आणि हे चुकलं तर वर कितीही बारीक काम कर, बाहुलाच राहतो.

दुसऱ्या दिवशी उघडं अंग, तेही सडपातळ, कारण वरून कपड्याची जाडी चढणार आहे. रात्रभर कडक होऊ दे. तिसऱ्या दिवशी अंगरखा. इथं सगळे घाई करतात आणि सुईने कुठंही रेघा मारून त्याला चुण्या म्हणतात. तू एक जुना रुमाल घे, पाण्यात फेविकॉल पातळ करून त्यात बुडव, पिळ आणि बहिणीच्या बाहुलीला (परवानगी काढून!) नेसव, कंबरेला दोरा बांध आणि वाळू दे. मग नीट बघ, चुणी कधीच मधूनच सुरू होत नाही, कापड जिथं ताणलं किंवा आवळलं जातं तिथून निघते, खांदा, कोपर, शेल्याची गाठ, गुडघा. चादरीच्या गावातल्या पोराला मी कापड काय शिकवायचं, घरातली चादर खुर्चीवर टाकून बघ, जाड कापडाला मोजक्या मोठ्या घड्या पडतात, धोतराला खूप बारीक. दोन इंचाच्या अंगावर त्यातल्या सहा-सातच घ्यायच्या. बोटांचे ठसे ओल्या बोटाने किंवा ओल्या ब्रशने मोडायचे. तलवारीला पितळी तार हातोडीने चपटी कर, ढालीला शर्टाच्या बटणावर पुटी दाबून वाटी काढ आणि वर चार फुलं (गोल उठाव) चिकटव, झालं.

मी निवृत्त आहे. आष्टीच्या लढाईचा देखावा करतोय, पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांचे वीस स्वार तयार आहेत, सगळ्यांना भगवे फेटे रंगवले. नातू म्हणतो आजोबा चुकलं. त्यांचा नेमका युनिफॉर्म कोणता होता?

साहेब, नातू बरोबर आहे, पण तुमचा विषय इतका आवडला की काय सांगू. फेब्रुवारी 1818, आपल्याच सोलापूर जिल्ह्यातलं आष्टी, इंग्रजांच्या जनरल स्मिथच्या घोडदळाने पेशव्यांच्या फौजेला गाठलं, बापू गोखले तिथंच पडले आणि साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती लागले. आपल्याकडे पानिपत सगळे करतात, हे कोणी करत नाही.

आता युनिफॉर्म. या स्वारांना तसा युनिफॉर्म नव्हताच. बारगीर सरकारी घोड्यावर असायचा, पण शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचीच हत्यारं घेऊन यायचा, मग कपडेही ज्याचे त्याच्या ऐपतीप्रमाणे. कवायती गारदी पलटणींची, म्हणजे पायदळाची, गोष्ट वेगळी. म्हणजे तुमच्या वीस स्वारांत वीस फेटे वेगळे हवेत. भगवा झेंड्याला राहू द्या, झेंडा एकदम उठून दिसेल. बाकी मळकट पांढरं सुती कापड जास्त, मग निळीचा निळा, मंजिष्ठाचा विटका लाल, एखाद्या सरदाराला कुसुंबी. कोणताही रंग ट्यूबमधून काढला तसा लावू नका, थोडा खाकी मिसळा, धुऊन धुऊन उडालेला वाटला पाहिजे. आणि बेसवर हिरवं गवत अजिबात टाकू नका हो, फेब्रुवारीत आपल्याकडे ज्वारी पिवळी पडलेली असते, काळ्या मातीची धूळ घोड्यांच्या गुडघ्यापर्यंत चढलेली असते, तीच धूळ ड्रायब्रशने (रंग पुसून जवळजवळ कोरड्या केलेल्या ब्रशने) स्वारांच्या पायावरही चढवा म्हणजे माणसं आणि जमीन एकाच जागची वाटतील. हत्यारं बघायची असतील तर विजापूर जवळच आहे, गोलघुमटाच्या आवारातलं म्युझियम बघून या, नाहीतर पुण्याचं केळकर म्युझियम.

डोळे रंगवले की चेहरा भुतासारखा दिसतो. बाकी सगळं छान जमतं. – अशोक चौकातून एक कॉलेजकुमारी

कारण आपण पांढरा शुभ्र रंग वापरतो आणि मध्ये गोल ठिपका देतो. ताई, 7 मिमीच्या डोक्यात डोळा एक मिमीचाही नसतो. पांढऱ्याऐवजी क्रीममध्ये थोडा त्वचेचा रंग मिसळा, बुबुळ वरच्या पापणीला चिकटलेलं ठेवा आणि दोन्ही बुबुळं एका बाजूला बघणारी करा, मग दचकलेला दिसत नाही. वरची पापणी काळ्याऐवजी गडद तपकिरी रेघेने. तरी बिघडलं तर कपाळाखाली नुसती सावली द्या, दुपारी बारा वाजता सोलापुरात उभ्या माणसाचे डोळे तसेही कुठं दिसतात!

हे सावलीचं पुढेही उपयोगी पडेल. एवढ्याशा मूर्तीवर खोलीतल्या उजेडाची सावली पुरेशी पडत नाही, म्हणून ती रंगानेच पाडावी लागते. आधी पूर्ण काळा प्रायमर (रंगाच्या आधीचा थर), मग फक्त वरून पांढरा फवारा मारा, ऊन कुठं पडतं ते आपोआप कळतं. रंग साधे कॅमलचे अ‍ॅक्रिलिक चालतात, पाण्याने पातळ करून दोन-तीन हात. उन्हाळ्यात पॅलेटवरच वाळतात, तर जुन्या टिफिनच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही ओले.

मुलगा अकरा वर्षांचा, दिवसभर यातच. सासऱ्यांचे जुने शिशाचे परदेशी सोल्जर पण त्याला हवेत. हे सगळं सेफ आहे का?

शिशाचे मात्र कपाटात, काचेआड. ब्रिटन्स कंपनीने 1893 पासून पोकळ शिशाचे सैनिक विकले, जगभर पोरं त्यांच्याशी खेळली, पण शिसं लहान मुलांना वाईटच, रंगाचे पोपडे उडत असतील तर हातही लावू देऊ नका. एम-सील मळताना ग्लोव्ह्ज घालायला लावा, कच्ची पुटी काहींच्या कातडीला खाज आणते, आणि कडक झालेली घासताना पॉलिश पेपर ओला करूनच घासायचा म्हणजे धूळ उडत नाही. ब्रश ओठात धरून टोक काढतो का ते बघा, काढत असेल तर आत्ताच थांबवा, मला ती सवय मोडायला दोन वर्षं लागली.