संकेतस्थळ साफ केले, तरी मालवेअर परत का येते?

प्रश्न : आम्ही काही मित्र हौसेने आकाशनिरीक्षकांचे एक संकेतस्थळ चालवतो. सुमारे २००० सभासद तेथे छायाचित्रे टाकतात आणि एकमेकांच्या शंकांना उत्तरे देतात. गेल्या दोन महिन्यांत तीनदा असे झाले, की गूगलवरून आमच्याकडे येणारी मंडळी जुगाराच्या पानावर जाऊन पडू लागली. आम्ही पत्ता टाइप करून पाहिले, तर सगळे ठीक दिसते. दर वेळी घुसवलेला कोड शोधून काढला, आणि आठ-दहा दिवसांत तो परत आला. आता ब्राउझर धोक्याचे लाल पान दाखवून लोकांना अडवतो. होस्टिंग कंपनीने हात वर केले आहेत. काय करावे? – एक वाचक

उत्तर : तुम्हाला काहीच का दिसत नाही, तेथून सुरुवात करू. घुसवलेला कोड, येणारा माणूस कोठून आला हे आधी पाहतो. तो शोधयंत्रातून आलेला असेल, त्यातही मोबाइलवर असेल, तर त्याला भलतीकडे वळवतो. थेट पत्ता टाइप करणाऱ्याच्या आणि लॉगिन केलेल्या व्यवस्थापकाच्या मात्र तो वाटेला जात नाही. पुष्कळदा एकदा वळवलेल्या माणसाला दुसऱ्यांदा वळवतही नाही, त्यामुळे तक्रार करणारा सभासद स्वतःच गोंधळतो. म्हणून ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालते’ असे उत्तर कोणालाही देऊ नका. मोबाइलवर खासगी विंडो उघडून, गूगलने दाखवलेल्या दुव्यावरून आत येऊन पाहा.

तुम्ही दर वेळी काढून टाकता ते केवळ लक्षण आहे. तो कोड पुन्हा पेरणारी फाइल सर्व्हरवर शाबूत असावी, असे तुमच्या वर्णनावरून मला जवळजवळ खात्रीने वाटते. सभासदांची छायाचित्रे साठतात तो फोल्डर आधी तपासा. शेकडो जेपीजी फायलींच्या रांगेत चित्रासारखेच नाव घेतलेली एखादी पीएचपी फाइल (म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम) असू शकते. ती उघडलीत तर वाचण्यासारखे काही नसते : सुरुवातीला ‘इव्हॅल’ (मजकूर कोड म्हणून चालवण्याची आज्ञा), मग ‘बेस६४ डीकोड’ (सांकेतिक मजकूर उलगडण्याची आज्ञा), आणि पुढे स्क्रीनच्या उजव्या कडेपलीकडे पळत जाणारी अक्षरांची एकच माळ. संकेतस्थळ चालवणाऱ्या काही प्रणाली तेथे मुद्दाम एक रिकामी इंडेक्स फाइल ठेवतात. ती सोडली, तर छायाचित्रांमध्ये पीएचपीचे काहीही काम नाही.

मात्र सापडल्याबरोबर ती पुसू नका. संकेतस्थळ तात्पुरते बंद ठेवा आणि सगळ्या फायली, डेटाबेस व सर्व्हरचे लॉग (कोणी कधी काय मागितले याच्या नोंदी) यांची प्रत बाजूला काढा. लॉग तर आजच घ्या, कारण होस्टिंगवर ते पुष्कळदा थोडेच दिवस राहतात. मग लॉगमध्ये त्या फायलीचे नाव शोधा. जिच्याकडे एकही दुवा जात नाही, अशा फायलीला दर काही दिवसांनी बाहेरून पोस्ट विनंती (सर्व्हरला माहिती पाठवणारी विनंती) येते आणि त्यानंतरच लोक वळवले जाऊ लागतात, असे आढळले तर चोर कोठून हात घालतो ते कळले. तेथून मागे जाऊन, सर्वांत पहिल्या अशा विनंतीच्या आधी कोणत्या प्लगिनकडे (प्रणालीला जोडलेल्या पुरवणी प्रोग्रामकडे) संशयास्पद विनंत्या गेल्या ते पाहा. फायलीवरच्या तारखेवर विसंबू नका, ती बदलता येते. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळूनच बहुतेकांचे संकेतस्थळ पुन्हा बिघडते.

जुने प्लगिन हे नेहमीचे कारण असले, तरी एकमेव नव्हे. २००९ मध्ये गम्ब्लर नावाच्या मालवेअरने लोकांच्या संगणकांतून एफटीपीचे (सर्व्हरवर फायली चढवण्याच्या पद्धतीचे) पासवर्ड चोरले आणि त्या पासवर्डांनीच त्यांची संकेतस्थळे दूषित केली. तेव्हा व्यवस्थापकांचे संगणकही तपासा, आणि पासवर्ड उघडाच पाठवणाऱ्या एफटीपीऐवजी, सारे सांकेतिक रूपात पाठवणारी एसएफटीपी वापरा.

बिघडलेली फाइल ओळीओळीने दुरुस्त करत बसण्यापेक्षा मूळ प्रणाली आणि प्लगिन अधिकृत ठिकाणाहून नव्याने उतरवून घ्यावेत, हे माझे ठाम मत आहे. जुन्यातून फक्त डेटाबेस व छायाचित्रे घ्यावीत, तीही तपासून : अनोळखी व्यवस्थापक खाती, लिखाणात शिरलेले स्क्रिप्ट टॅग (ब्राउझरमध्ये कोड चालवणाऱ्या खुणा), वेळ लावून ठेवलेली क्रॉनची कामे. बॅकअप घुसखोरीपूर्वीचा असला, तरी त्यातले भोक तसेच असते, म्हणून अद्ययावत केल्याशिवाय तो खुला करू नये. अद्ययावत करण्यात किती घाई असावी? १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपल या संकेतस्थळ-प्रणालीतील एका गंभीर त्रुटीवर दुरुस्ती जाहीर झाली, आणि दोन आठवड्यांनी द्रुपलच्याच सुरक्षा गटाने सांगितले, की पहिल्या ७ तासांत ती न बसवलेले प्रत्येक संकेतस्थळ फुटले असे समजावे. त्यानंतर डेटाबेस, होस्टिंग व व्यवस्थापकांचे सगळे पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या (सीक्रेट की) बदला, सर्वांना लॉगआउट करा, आणि छायाचित्रांच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणारच नाही असा नियम सर्व्हरवर घाला.

सभासदांना कळवण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. डेटाबेसपर्यंत पोहोचलेल्या माणसाच्या हाती ईमेल पत्ते आणि पासवर्डांचे हॅश (साठवण्यासाठी बदललेली रूपे) लागलेले असू शकतात, आणि पुष्कळ लोक तोच पासवर्ड ईमेललाही वापरतात. काय घडले आणि कोणत्या तारखेपासून, हे साध्या शब्दांत आजच लिहा. तुम्हाला संकोच वाटेल. पण कळवायला उशीर झाला, तर ज्यांनी तुमच्यावर विश्वास टाकला त्यांचे नुकसान होईल. एवढे झाल्यावरच गूगलच्या सर्च कन्सोल या संकेतस्थळचालकांसाठीच्या सेवेतून फेरतपासणीची विनंती करा. तपासणी पार पडली की लाल पान हटते.

प्रश्न : सभासदांना परिचयाच्या पानावर एचटीएमएल (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) लिहू द्यावे का? धोकादायक शब्द आम्ही गाळतो. – त्याच वाचकाचे सहकारी

उत्तर : गाळण्याच्या यादीवर भरवसा ठेवू नका. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमावर एका सभासदाने आपल्या परिचय-पानात असा कोड लिहिला, की ते पान पाहणाऱ्याच्या पानातही तो उतरे. २० तासांच्या आत १० लाखांहून अधिक खात्यांत तो पोहोचला. मायस्पेसही ‘जावास्क्रिप्ट’ (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडची भाषा) हा शब्द गाळत असे, म्हणून त्याने तो मध्येच तोडून दोन ओळींत लिहिला, आणि काही ब्राउझरांनी तो जोडून वाचला. काय चालणार नाही याऐवजी काय चालेल याची यादी करा : ठळक, तिरपे, परिच्छेद आणि दुवा, एवढेच. दुवाही ‘एचटीटीपी’ किंवा ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल तरच घ्या, आणि बाकी सारे साधा मजकूर म्हणून दाखवा.