शार्लट कुशमन रोमिओ कशी झाली?

प्रश्न : शार्लट कुशमन ही अमेरिकन नटी मुळात गायिका होती आणि आवाज गेल्यामुळे ती नाटकाकडे वळली, असे वाचले. हे खरे आहे का? मग रोमिओच्या भूमिकेसाठी तिचे नाव कसे झाले? (एक वाचक, सातारा)

उत्तर : होय, हे खरे आहे. १८१६ साली बोस्टनमध्ये जन्मलेली शार्लट घरच्या ओढगस्तीमुळे पोटासाठी गाऊ लागली आणि १८३५ मध्ये मोझार्टच्या ‘द मॅरेज ऑफ फिगारो’ या ऑपेरात प्रथम उभी राहिली. तिचा गळा मुळात खालच्या पट्टीचा. न्यू ऑर्लिन्सला तिला चढ्या पट्टीत गावे लागले आणि त्या ताणाने तो बसला तो बसलाच. तेथल्या एका अनुभवी नटाने तिला अभिनयाची वाट दाखवली व १८३६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधील लेडी मॅकबेथची भूमिका तिच्याकडे आली. पोशाख मात्र नव्हता! शहरातल्या एका फ्रेंच नटीकडून तो उसना मिळाला, पण ती बुटकी आणि चांगलीच स्थूल, तर शार्लट उंच आणि काटकुळी. तेव्हा एक घागरा आतून परकरासारखा नेसून दुसरा चहूबाजूंनी आटवून वर चढवला आणि त्या वेषात तिने प्रयोग जिंकला. तिची हिंमत मला या प्रसंगात सर्वांत स्पष्ट दिसते.

रोमिओ आला तो बहिणीमुळे. नवऱ्याने टाकलेल्या, पदरी मूल असलेल्या सुसानला तिनेच रंगभूमीवर आणले होते. डिसेंबर १८४५ च्या अखेरीस लंडनच्या हेमार्केट थिएटरात सुसान ज्युलिएट झाली आणि शार्लट रोमिओ. स्त्रियांनी पुरुषभूमिका करणे तिथे नवे नव्हते. नवल होते ते तिच्या आवेगाचे, तलवारबाजीचे आणि त्या भारदस्त आवाजाचे. शिवाय अठराव्या शतकातील इंग्रज नट डेव्हिड गॅरिक याने बदललेली संहिता, जिच्यात रोमिओ मरण्याआधीच ज्युलिएट जागी होते, ती बाजूला सारून तिने शेक्सपिअरचे मूळ नाटक पुन्हा उभे केले. माझ्या मते तिचे हे काम तिच्या पुरुषवेषाहून मोठे आहे, आणि त्याची आठवण मात्र फार कमी वेळा काढली जाते.

पुढे ती बरीच वर्षे रोममध्ये राहिली. अमेरिकी यादवी युद्धात जखमी सैनिकांच्या मदतनिधीसाठी तिने प्रयोग केले. १८६९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने गाठल्यावरही ती रंगमंचावर परतली. ७ नोव्हेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कच्या बूथ थिएटरात तेथील रसिकांचा निरोप घेताना तिने भूमिका निवडली ती लेडी मॅकबेथचीच. १८७६ च्या फेब्रुवारीत बोस्टनमध्ये तिचे निधन झाले.