मन घट्ट करण्याचा कोर्स कुठे मिळेल?

‘आमची मुलगी २३ वर्षांची. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, आठ महिन्यांपासून इंदुरातच एका खासगी हॉस्पिटलात इमर्जन्सीला स्टाफ नर्स आहे. दीड महिन्यापूर्वी बायपासवरच्या अपघातातला एक तरुण मुलगा तिच्यासमोर गेला. सीपीआर तीच देत होती. त्याच्या आईनं हिचा हात धरून “तूने क्या किया” असं विचारलं म्हणे. तेव्हापासून हिचं बिनसलंय. रात्री दचकून उठते, सारखी चिडते, रेड झोनची, म्हणजे अतिगंभीर रुग्णांकडची ड्यूटी लागली की कुणाशी तरी बदलून घेते. नाइट करून आली की दुपारी दोनपर्यंत लोळते, पाहुण्यांसमोर येत नाही. आम्ही सांगतो, फौजी आणि पोलीस रोज मरण बघतात, ते काय रडत बसतात? मन घट्ट करण्याचा एखादा कोर्स किंवा दहा दिवसांचं मौन शिबिर सुचवा. नाहीतर नोकरी सोडवून भंवरकुआंला पीएससीच्या क्लासला घालतो. स्थळंही बघतोय, त्यांना काय सांगावं तेही लिहा.’
– एक वडील, लोकमान्य नगर, इंदूर

सप्रेम नमस्कार.

कोर्स आणि पीएससी, दोन्हींवर लिहितो. पण आधी तिच्या झोपेचा हिशेब करू. खासगी हॉस्पिटलातली नाइट बहुतेक ठिकाणी रात्री आठ ते सकाळी आठ असते. हँडओव्हर देऊन निघेपर्यंत साडेआठ-पावणेनऊ. घरी येऊन अंघोळ, दोन घास, डोळा लागेपर्यंत दहा. दोन वाजता ती उठते म्हणजे जेमतेम चार तास झोपते. तुम्ही रात्री दहाला झोपलात आणि कुणी पहाटे दोनला उठवून ‘पाहुणे आलेत, जरा हसून बोला’ म्हटलं, तर काय कराल? पत्रात तुम्ही ज्याची तक्रार केलीय ती तुमच्या मुलीची अर्धवट झोप आहे, आणि ती अर्धवट राहण्यात घराचा हात आहे.

म्हणून पहिलं काम तुमचं. तिच्या खोलीला जाड, गडद पडदे लावा. नाइटनंतरच्या सकाळी दाराची बेल बंद, कुकर नऊच्या आत किंवा तीननंतर. कचरा गाडीचं गाणं तुम्हाला थांबवता येणार नाही, त्यासाठी मेडिकलवर मिळणारे कानातले फोमचे बोळे घ्या. नाइट संपवून येणाऱ्याला सकाळचं ऊन जागं करतं, तेव्हा येताना काळा गॉगल घालावा. स्कूटर मात्र तिनं चालवू नये. रात्रभर जागलेला माणूस सिग्नलला उभ्या उभ्या डुलकी घेतो आणि त्याला ते कळतही नाही. त्या आठवड्यात तुम्ही आणायला जा. घरी आल्यावर पहिला अर्धा तास ‘आज काय झालं?’ विचारायचं नाही. ‘खाणार की झोपणार?’ एवढंच पुरे.

बाकीचं तिनं सांभाळायचं आहे. पहिल्या नाइटच्या आधी दुपारी दीड तासाची झोप. ड्यूटीवर ब्रेक मिळाला तर वीस ते तीस मिनिटं डोळे मिटावेत, जास्त नाही. त्याहून जास्त झोपलं तर उठल्यावर डोकं जड राहतं आणि अशा डोक्यानं इंजेक्शन भरणं धोक्याचं. शेवटचा चहा किंवा कॉफी पहाटे दोन-तीनच्या आत, कारण कॅफिनचा अंमल सहा-सहा तास टिकतो. शेवटची नाइट झाली की त्या सकाळी फक्त दीड-दोन तास झोपून रात्री वेळेवर झोपायचं, म्हणजे घड्याळ लवकर रुळावर येतं. चोवीस तासांत एकूण सात तास झोप व्हायला हवी, दोन तुकड्यांत झाली तरी चालेल.

आता त्या रात्रीबद्दल. तुमच्या पत्रात त्या प्रसंगाला दोन-तीन ओळी आहेत, बाकी सगळ्या तक्रारी, क्लास आणि स्थळं, म्हणून मी जरा इथे थांबतो. सीपीआरमध्ये प्रौढाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावी लागते. दोन मिनिटांत दाबणारा थकतो, म्हणून दर दोन मिनिटांनी हात बदलायचे. हे सगळं बिनचूक केलं तरी हृदय थांबलेले बहुतेक रुग्ण परत येत नाहीत. जबर अपघातात तर आणखी कमी, कारण छाती दाबून जे रक्त पुढे ढकलायचं असतं तेच पोटात, छातीत किंवा रस्त्यावर वाहून गेलेलं असतं. ‘तूने क्या किया’ या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. तुमच्या मुलीला ते पुस्तकातून ठाऊक आहे. पण एखाद्या सीनियरनं तिला त्याच रात्री बाजूला घेऊन हे सांगितलं का? मृत्यूची बातमी सीनियर डॉक्टरनं, वेगळ्या खोलीत, नातेवाइकांना बसवून द्यायची असते. नवी नर्स कॉरिडॉरमध्ये एकटी सापडावी आणि आईनं तिचा हात धरावा, ही व्यवस्थेची चूक आहे. चांगल्या इमर्जन्सीत अशा केसनंतर पाच-दहा मिनिटं सगळी टीम उभ्याउभ्याच बोलते: काय झालं, काय नीट झालं, पुढच्या वेळी काय बदलायचं, आणि आत्ता लगेच कामावर परतायच्या स्थितीत कोण नाही. एवढ्यानंही ‘माझ्यामुळे गेला’ हा काटा पुष्कळदा तिथल्या तिथे निघतो.

पण म्हणून तुम्ही आता तिला सोफ्यावर बसवून ‘सगळं पहिल्यापासून सांग, मोकळी हो’ म्हणू नका. भयंकर प्रसंगानंतर सगळ्यांना एकदा बसवून सक्तीनं भावना बोलायला लावण्याची पद्धत बरीच वर्षं चालली. तपासून पाहिलं तेव्हा त्या पद्धतीनं पुढचा त्रास टळत नाही असं दिसलं, काहींचा वाढतोही. ती आपणहून बोलली तर ऐका, मध्ये उपदेश नको. आणि ‘तू तर देवाचं काम करतेस’ हेही बंद करा. देवाचं काम करणाऱ्याला रजा मागता येत नाही, हीच त्या कौतुकातली अडचण आहे.

फौजी रडत नाहीत, हा मात्र मोठा गैरसमज आहे आणि तो एकट्या तुमचा नाही. महूची छावणी तुमच्यापासून तासाभरावर आहे. तिथे कुणाला विचारलंत तर कळेल की फौजेच्या इस्पितळांत मनोविकारतज्ज्ञ नेमलेले असतात. ते उगाच नेमत नाहीत. काहीच वाटत नाही अशा माणसाला आपण खंबीर समजतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कामाच्या ताणानं जळून जाण्याची, म्हणजे बर्नआउटची, तीन लक्षणं मांडली: शक्ती संपणं, कामाबद्दल मन कोरडं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. मधलं लक्षण नीट वाचा. वॉर्डात जी सिस्टर रुग्णाला ‘चार नंबर’ म्हणते, मेल्याची बातमी चहा पीत सांगते आणि नातेवाइकांवर खेकसते, तिला सगळे ‘पक्की झालीय’ म्हणतात. काळजी तिची करायला हवी. तुमच्या मुलीला अजून वाटतं, याबद्दल मला चिंता नाही. मन घट्ट असणं म्हणजे धक्का बसून काही दिवसांत पुन्हा उभं राहता येणं. त्याला लागते झोप, पाठीशी उभा राहणारा सीनियर, बोलायला बरोबरीची एक मैत्रीण आणि माणसासारखा ड्यूटी चार्ट. यातलं काहीही शिबिरात मिळत नाही.

मौन शिबिराबद्दल स्पष्टच सांगतो: आत्ता नाही. ध्यानाला माझा विरोध नाही. पण ताजा आघात असताना दहा दिवस कुणाशी न बोलता डोळे मिटून बसवलं तर काहींना तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसू लागतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाठवू नका. दोन तासांची ‘सकारात्मक विचार’ कार्यशाळा निरुपद्रवी असते, पण उपयोगही तेवढाच.

अशा धक्क्यानंतर पहिले काही दिवस झोप उडणं, तेच चित्र दिसणं हे पुष्कळांना होतं आणि ओसरतं. एक महिना उलटूनही दचकणं, ती जागा टाळणं, चिडचिड, स्वतःला दोष देणं चालूच असेल तर तज्ज्ञानं तपासायला हवं. तुमच्या मुलीला दीड महिना झालाय. पत्रावरून निदान करणं माझं काम नाही, पण या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या असं ठामपणे सांगतो. एम.वाय. या सरकारी हॉस्पिटलची मानसरोग ओपीडी आहे, बाणगंगेचं शासकीय मानसिक रुग्णालय आहे. बाणगंगा म्हटलं की आपल्याकडे लोक हसतात, हसू द्या. खासगीत जायचं तर मनोविकारतज्ज्ञ एम.डी. असावा, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा. नुसती ‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावतं, आमच्या धंद्यातलेही. आघातावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्याची बोलून करायची थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणींवर काम करणारी थेरपी) या उपचारांच्या साधारण आठ ते बारा बैठका होतात, बहुधा आठवड्याला एक. तोवर घरातल्या कुणाची अल्प्राझोलामची गोळी झोपेसाठी द्यायची नाही, आणि तिनंही वॉर्डातून आणायची नाही. नर्सच्या हाताशी औषध असतं म्हणून हे मुद्दाम लिहितो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालतो, रात्री तीनला दचकून उठल्यावरही लागतो.

तुम्ही तिच्यासोबत जा, पण आत तिला एकटीला जाऊ द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा हक्क मानला आहे. ती सज्ञान आहे आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्हाला सांगायचं की नाही हे ती ठरवील. एक प्रश्न मात्र तुम्ही किंवा तिच्या आईनं आजच विचारा, सरळ शब्दांत: ‘जगू नये असं वाटतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं उचलून ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. शक्यतो ती काम करते ते हॉस्पिटल सोडून, म्हणजे ती मोकळेपणानं बोलेल.

ड्यूटीचं काय? रेड झोन कायमचा टाळणं हा उपाय नाही. जितकं टाळाल तितकी भीती पक्की होते. डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिनं मेट्रनला लेखी अर्ज द्यावा: चार आठवडे ट्रायाजला (आलेल्या रुग्णांची गंभीरतेनुसार वर्गवारी) किंवा ऑब्झर्वेशनला ड्यूटी, मग सीनियरबरोबर रेड झोनच्या मोजक्या शिफ्ट, मग पूर्ण. सलग दोन-तीनपेक्षा जास्त नाइट नकोत, दोन ड्यूट्यांमध्ये किमान अकरा तास हवेत, आणि चार्ट सकाळ-दुपार-रात्र असा पुढे सरकावा, उलटा नाही. डबल ड्यूटीला ‘नाही’ म्हणायला तिला शिकवा; हे तरी तुमच्याकडून शिकता येईल. अर्ज तोंडी फेटाळला तर पोच घ्यावी. एवढ्यावरही काही हललं नाही तर हॉस्पिटल बदलावं, पेशा नाही. अनुभवी इमर्जन्सी नर्सला इंदुरात कामाची कमतरता नाही.

‘हलका वॉर्ड’ शोधू नका. आयसीयूत मरण सावकाश येतं, कॅन्सर वॉर्डात ओळख झाल्यावर येतं, नवजात बाळांच्या एनआयसीयूत आई-बाप काचेपलीकडे उभे असतात. पुढे तिला सरकारी नोकरी हवी असेल तर एम्सची नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा, नॉरसेट आहे, खेड्यातलं काम आवडलं तर कम्युनिटी हेल्थ ऑफिसरची वाट आहे, सायकियाट्रिक नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करता येतं, पण ते स्वतःवर उपचार म्हणून करू नये.

पीएससीचं एका ओळीत सांगतो: ती तुमची इच्छा आहे, पत्रात तिचा एकही शब्द नाही. आणि डेप्युटी कलेक्टरलाही पुरात, दंगलीत, अपघातात प्रेतांजवळ उभं राहावं लागतं. सध्या नोकरीबद्दल कुठलाच निर्णय नको, राजीनाम्याचाही नाही. उपचार सुरू होऊन तीन महिने झाले की तिनं स्वतः ठरवावं. तेव्हा तिनं लिहिलं तर मी तिला उत्तर देईन, तुम्हाला नाही.

राहिली स्थळं. तीन महिने दाखवण्याचे कार्यक्रम बंद ठेवा. आलेल्यांना सांगा, मुलगी इमर्जन्सीत नर्स आहे, तिला नाइट असते, लग्नानंतरही असेल. हे ऐकून जे मागे फिरतील त्यांच्यासाठी चहा टाकण्याची तसदी वाचेल. आणि लोकमान्य नगरातल्या शेजारणी, नाट्यगृहात मध्यंतरात भेटणारे नातलग, यांना तिच्या डॉक्टरबद्दल काहीही सांगायचं नाही. त्यांनी विचारलं तर ‘ड्यूटीवर आहे’ म्हणा.