वेळेवर भरतेय, तरी क्रेडिट कार्डचं कर्ज हलत का नाही?

"ताई, अडीच वर्षांत एक ड्यू डेट चुकवली नाही मी, तरी आकडा तिथल्या तिथेच आहे. माझंच काहीतरी चुकतंय ना?"

हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी समोर येतो. यावेळी विचारणारी नोकरी करणारी, दोन मुलांची आई होती (ओळख पटेल असं सगळं बदललंय). कर्ज हौसेमौजेचं नव्हतं, सासूबाईंच्या आजारपणात कार्ड वापरलं आणि मग ते फिटेचना, शेवटी पहिल्या कार्डचे पैसे भरायला दुसऱ्या कार्डावरून कॅश काढायला लागली आणि घरात यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. सगळी स्टेटमेंटं प्रिंट काढून आणली होती, प्रत्येकावर पेनाने "भरले" आणि खाली तारीख. हिशेबाला इतकी काटेकोर बाई स्वतःला बेजबाबदार म्हणत होती, याचं मला फार वाईट वाटलं.

मी तिला एकच विचारलं, ऑटो-डेबिटला काय लावलंय? म्हणाली, मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली दर महिन्याला किमान भरावीच लागणारी रक्कम. खरं दुखणं तिथेच होतं.

कोरा कागद घेऊन आम्ही थकबाकी 100 धरली, म्हणजे तुमची कितीही असो, त्या पटीत मोजता येईल. तिच्या मोठ्या कार्डाचं व्याज महिन्याला 3 टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला 36 नाही, जवळपास 42.6 टक्के पडतं. मिनिमम ड्यू थकबाकीच्या 5 टक्के होतं. म्हणजे पहिल्या महिन्यात 100 चे 103 होणार, त्यातले 5.15 भरणार, त्यातले 3 नुसते व्याजात जाणार आणि मुद्दलातून कमी होणार फक्त 2.15. बरं, पुढच्या महिन्यात थकबाकी थोडी कमी म्हणून मिनिममही थोडं कमी येतं, आपल्याला वाटतं वा, ओझं हलकं झालं, आणि आपण कमी भरतो. असं करत वर्षभरात 55 भरून होतात आणि शिल्लक राहते 77. तीस महिन्यांनी जवळपास 115 भरून झालेले असतात आणि तरी 52 बाकी! तेही कार्ड एकदाही न वापरता. ती तर वापरत होती.

वापरण्याचा मुद्दा बऱ्याच जणांना माहीतच नसतो. मागची बाकी पूर्ण भरली नसेल तर नव्या खरेदीला ते बिनव्याजी दिवस सहसा मिळत नाहीत, खरेदी केल्या दिवसापासून व्याज चालू. कॅश काढली तर बहुतेक कार्डांवर त्याची फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासूनच. म्हणजे दुसऱ्या कार्डाने पहिलं भरणं ही तिची धडपड होती खरी, पण भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतल्यासारखी.

मग मी त्याच कागदावर दुसरी ओळ लिहिली. पहिल्या महिन्याचे ते 5.15 तसेच धरून ठेवायचे. स्टेटमेंटवर मिनिमम कितीही कमी दिसू दे, आपण 5.15 च भरायचे, आणि कार्ड वापरायचं नाही. तर तीसाव्या महिन्यात कर्ज शून्य. तेच तीस महिने, सुरुवातही तेवढ्याच पैशांनी, फक्त आकडा खाली येऊ द्यायचा नाही. 8 भरता आले तर 16 महिन्यांत सुटका. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतः दोनदा गुणाकार केला, मग थोडा वेळ काही बोललीच नाही.

त्या दिवशी तीन गोष्टी ठरल्या. मोबाईलमधल्या सगळ्या शॉपिंग ॲपमधून कार्ड काढून टाकायचं. ऑटो-डेबिट मिनिममवर राहू द्यायचं, म्हणजे लेट फी लागणार नाही, पण मिनिममच्या वरची रक्कम पगार झाल्या झाल्या आपण हाताने भरायची, ड्यू डेटची वाट बघायची नाही, कारण व्याज साधारणपणे रोजच्या शिलकीवर मोजतात, दहा दिवस आधी भरले तर तेवढं व्याज वाचतं. तिसरी गोष्ट म्हणजे नवऱ्याला सांगायचं. याला ती अजिबात तयार नव्हती. मी आग्रह धरला, कारण लपवून कर्ज फेडणारा माणूस घरखर्चात कुठेच हात आखडू शकत नाही, आखडला तर लोक विचारतात.

आता कुठलं कार्ड आधी? हिशेबाने ज्याचं व्याज जास्त ते आधी, मी नव्वद टक्के वेळा हेच सांगते. पण तिच्या दोन्ही कार्डांच्या व्याजात अगदी थोडा फरक होता आणि लहान कार्ड तीन महिन्यांत संपण्यासारखं होतं, म्हणून आधी ते घेतलं. तिला काहीतरी संपलेलं बघायची फार गरज होती. ते संपल्यावर त्याचा हप्ता मोठ्या कार्डाच्या हप्त्यात मिळवायचा, घरखर्चात सोडायचा नाही.

पर्सनल लोन घेऊन कार्ड एकदम बंद करू का, हेही तिने विचारलं. कमी व्याजाने मिळत असेल आणि प्रोसेसिंग फी धरूनही स्वस्त पडत असेल तर जरूर घ्यावं. पण आधी तीन-चार महिने कार्डाशिवाय राहून दाखवा म्हणते मी, कारण लोनने कार्ड रिकामं झालं आणि ते परत भरलं, मग दोन्ही डोक्यावर, असे लोकही माझ्याकडे आलेत. आणि मिनिममही झेपत नसेल तर बिल थकायच्या आधीच बँकेला फोन करून हप्ते बांधून मागा. थोड्या पैशात सेटलमेंट करून देतो म्हणाले तर लगेच हो म्हणू नका, क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, तो शिक्का राहतो आणि पुढचं कर्ज मिळताना त्रास होतो.

नवऱ्याला तिने त्याच आठवड्यात सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी तो कागद मागून घेतला आणि हप्त्यात आपली भर टाकली.

एकोणीसाव्या महिन्यात तिचा फोन आला, आवाज रडवेला. "ताई, पूर्ण भरलं मागच्या महिन्यात, तरी परत व्याज आलंय!" स्टेटमेंट निघाल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते उरलेलं व्याज होतं, पुढच्या बिलात येतं ते. किरकोळ रक्कम होती. तेवढे भरा आणि अजून एक स्टेटमेंट येऊ द्या म्हटलं. पुढच्या महिन्यात फोटो आला, एकूण देय रक्कम 0, आणि शेजारी पेनाने लिहिलेलं "भरले".