सकाळी गाडी सुरू केली की बोनेटमधून चिं-चिं आवाज येतो, एसी लावला की वाढतो. मेकॅनिक अल्टरनेटर बदला म्हणतोय. बदलू का?

लगेच बदलू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून आधी संशय घ्यायचा तो इंजिनच्या पुल्या फिरवणाऱ्या बेल्टवर आणि त्याला ताण देणाऱ्या टेन्शनरवर. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा नंबर नंतर.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय. माझ्या जुन्या डिझेल गाडीला असाच आवाज होता. एका गॅरेजने अल्टरनेटर बदलला, आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. शेवटी चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात बेल्ट तुटला. बॅटरीचा दिवा लागला, स्टेअरिंग एकदम जड झालं आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला. गाडी तिथेच बंद केली म्हणून इंजिन वाचलं. दोष निघाला आयडलर पुलीच्या, म्हणजे बेल्टला फक्त वाट दाखवणाऱ्या मोकळ्या चाकाच्या, बेअरिंगमध्ये. अल्टरनेटरच्या किमतीपुढे ती पुली अगदीच किरकोळ होती.

आता तुमच्या गाडीकडे. सकाळी स्टार्ट मारल्यावर अल्टरनेटर बॅटरीत करंट भरायला लागतो, म्हणजे त्याच्यावर जास्त लोड असतो. त्याची पुली लहान, तिला बेल्टची मिठीही कमी. त्यामुळे बेल्ट सैल किंवा गुळगुळीत झाला असेल तर तो बहुतेक वेळा तिथेच घसरतो आणि किंचाळतो. एसी लावला की कंप्रेसरचा भार त्यात मिळतो. अल्टरनेटरजवळून आवाज येतो म्हणून दोष त्याच्यावर टाकला जातो, पण तो चांगला असूनही हे होऊ शकतं.

खात्री करायला पाण्याची फवारणी करून बघा. झाडांवर मारायच्या स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी घ्या. आवाज चालू असताना बेल्टच्या खाचांच्या बाजूला थोडंसं मारा, हात लांब ठेवून. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी यातलं काही जवळ नको. रेडिएटरचा पंखाही मध्येच आपोआप सुरू होतो, त्याच्यापासून जपा. पाणी पडताच आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय: ताण कमी आहे, नाहीतर तेल किंवा कूलंट लागलंय. आवाज काही सेकंद थांबून परत आला, आणि तो लांब किंकाळीपेक्षा चिमणीच्या चिवचिवीसारखा तुटक असेल, तर बहुधा एखादी पुली रेषेत नाही. अशा वेळी नवा बेल्ट टाकूनही चिवचिव परत येते.

पाण्याने काहीच फरक पडला नाही आणि आवाज घरघरीचा असेल, रेस दिल्यावर त्याचा सूर चढत असेल, तर बेअरिंग. जुने मिस्त्री लांब डिसमिसचं टोक अल्टरनेटरच्या किंवा इंजिन थंड ठेवणाऱ्या वॉटर पंपाच्या न फिरणाऱ्या भागावर टेकवतात आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावतात. ज्याचं बेअरिंग खराब, तिथे घरघर थेट डोक्यात ऐकू येते. मात्र फिरत्या बेल्टजवळ हे करायला सवयीचा हात लागतो, तुम्ही करू नका.

त्यापेक्षा पक्की परीक्षा बेल्ट काढून होते. इंजिन थंड असताना बेल्ट कसा बसलाय त्याचा फोटो काढून ठेवा, टेन्शनर पान्ह्याने मागे ओढून बेल्ट उतरवा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवा. मला त्या आयडलरमध्ये बारीक वाळू भरल्यासारखी खरखर बोटांना जाणवली होती, शिवाय कडेला धरून हलवली तर ती डुगडुगत होती. चांगली पुली गुपचूप, सारखी फिरते. मग बेल्टशिवायच इंजिन अर्धा मिनिट चालवा, जास्त नाही, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप याच बेल्टवर असतो. आवाज तरीही आला तर तो इंजिनच्या आतला आहे, त्याची चौकशी वेगळी. काही गाड्यांत टेन्शनर नसतो, ताणून बसवलेला बेल्ट असतो. तो घरी उतरवू नका.

बेल्टला चिरा नाहीत म्हणून तो चांगला आहे असं समजू नका. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा चिरत नाहीत, टायरसारखे झिजतात. खाचा खोल होतात, पुलीचे कंगोरे तळाला टेकतात आणि पकड सुटते. बाजारात आवाज बंद करणारा स्प्रे मिळतो, तो मारू नका. दोन दिवस शांतता मिळते, मग त्या चिकट थरावर धूळ बसते आणि खरा दोष झाकला जातो.

मेकॅनिककडे जाल तेव्हा बेल्ट उतरवून अल्टरनेटरची पुली तुमच्यासमोर हाताने फिरवायला सांगा. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटरही लावायला सांगा. साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसले आणि पुली गुपचूप फिरली, तर अल्टरनेटर राहू द्या. बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर तपासून घ्या. पण तोपर्यंत आवाजासोबत बॅटरीचा दिवा लागला, तर गाडी आहे तिथेच थांबवा.