मुलीच्या कानाचं मशीन शिट्टी मारतंय, आवाज कमी करून घ्यावा का?

नका करून घेऊ. आधी मोल्ड बघा, म्हणजे मशीनचा कानात बसणारा, कानाच्या मापाने बनवलेला भाग.

मुलगी दीड वर्षाची, मशीन लावून पाच महिने झाले, आता सारखी शिट्टी वाजते आणि सेंटरवाले म्हणतात "आवाज थोडा उतरवून देतो", असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. माझा मुलगा आज चौथीत आहे, तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. आम्ही हो म्हणालो, शिट्टी थांबली, आम्ही खूश. काही महिन्यांनी लक्षात आलं की हा 'बस'ला नुसतं 'ब' म्हणतो. शिट्टी घालवायला वरच्या पट्टीतले आवाज उतरवले होते, आणि 'स', 'श' नेमके तिथेच असतात. ते महिने हातचे गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

लहान मुलांचा कान भराभर वाढतो, मोल्ड आहे तेवढाच राहतो. फटीतून आवाज बाहेर पडून परत माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. कडेवर घेतल्यावर कान तुमच्या खांद्याला टेकला आणि वाजली, तर तेवढं चालायचंच. पण नुसती बसून खेळताना, खाताना वाजत असेल तर मोल्ड सैल झालाय. या वयात तीन ते सहा महिन्यांत नवा मोल्ड लागतोच. माप देण्याआधी कानात मळ नाही ना, तेही बघून घ्या, त्यानेही शिट्टी येते.

नवा मोल्ड आला की ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे ऐकणं तपासून मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञांना, स्पष्ट विचारा: "सेटिंग हिच्या कानात मोजून करणार का?" एक बारीक नळी कानात सरकवून, पडद्यापाशी खरोखर किती आवाज पोचतो ते मोजतात. बाळाच्या कानाची पोकळी इवलीशी, त्यामुळे तेच मशीन तिथे मोठ्या माणसापेक्षा जास्त जोरात वाजतं. पोकळी वाढली की तेच सेटिंग कमी पडायला लागतं. म्हणून एकदा लावलं आणि झालं, असं मुलांच्या बाबतीत होत नाही.

घरी रोज सकाळी मशीन लावायच्या आधी स्वतः ऐका. स्टेथोक्लिप मिळते, डॉक्टरांच्या नळीसारखी. ती जोडून बोला. आवाज खरखरतोय, तुटतोय, की बारीक झालाय, लगेच कळतं. मोल्डच्या नळीत घामाचा थेंब अडकला तरी आवाज बंद पडतो. मोल्ड मशीनपासून सोडवून ब्लोअरने, म्हणजे हाताने दाबायच्या रबरी फुग्याने, फुंका. रात्री मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा, पावसाळ्यात तर न चुकता.

मग लावून झालं की मागे बसा आणि नेहमीच्या आवाजात सहा आवाज काढा: म, ऊ, आ, ई, श, स. क्रम रोज बदला. दीड वर्षाची मुलगी काही सांगणार नाही, पण खेळता खेळता थबकते, डोळे वळवते, तेवढं पुरे. माझा मुलगा अडीच वर्षांचा झाल्यावर ठोकळा गालाशी धरून बसायचा आणि आवाज आला की स्टीलच्या डब्यात टाकायचा. नव्या मोल्डनंतर एका सकाळी मी 'स' म्हटलं आणि ठण्णकन ठोकळा पडला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते.

कोणता आवाज कधी चुकला ते वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीला वही घेऊन जा. 'नीट ऐकत नाही' म्हणण्यापेक्षा 'मंगळवारपासून डाव्या कानाने स ऐकला नाही' म्हटलं की ऑडिओलॉजिस्टना नेमकं कुठे बघायचं ते कळतं. त्यासाठी एकेक कान वेगळा तपासा.

आणि सेलच्या झाकणाला लहान मुलांचं लॉक आहे का, ते आजच बघा. सेल गिळला गेल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठा.