वाचकांचे प्रश्न : सहा आठवड्यांचे क्षेत्रकार्य

प्रश्न : जागतिक विकास या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मला सहा आठवड्यांचे क्षेत्रकार्य परदेशात करायचे आहे. जून महिन्यात केनियाच्या ग्रामीण भागात जावे लागेल. तेथील भाषा मला येत नाही. इतक्या थोड्या काळात जे दिसेल, त्याला अभ्यास म्हणता येईल का?

उत्तर : म्हणता येईल, मात्र आपल्याला काय दिसले नाही, याचीही नोंद तुम्ही तितक्याच काळजीने ठेवायला हवी. ग्रामीण दारिद्र्याचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. बाहेरून येणारा पाहुणा डांबरी रस्त्यालगतच्या वस्त्यांत थांबतो, जिथे एखादा प्रकल्प चालू आहे तिथेच नेला जातो, गावातील वजनदार पुरुषांशी बोलतो आणि बहुधा कोरड्या ऋतूत येतो, असे त्यांचे निरीक्षण होते. केनियाच्या बहुतांश भागात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो. त्या दिवसांत रस्ता बंद असताना आजारी माणसाला दवाखान्यापर्यंत कसे नेले, हे जूनमध्ये पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याला दिसणार नाही. ते विचारावे लागेल, आणि तेही रस्त्यापासून सर्वांत दूर राहणाऱ्या घरात जाऊन. माझ्या मते पहिला आठवडा एकही प्रश्नावली न भरता केवळ पायी हिंडण्यात घालवावा. मार्गदर्शकांना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटला, तरी आपला आग्रह सोडू नये.

स्वाहिली आणि इंग्रजी या तिथल्या अधिकृत भाषा असल्या, तरी घराघरांत किकुयू, लुओ, कांबा अशा अनेक भाषा बोलल्या जातात. त्यामुळे थोडी स्वाहिली अवश्य शिकावी. पण दुभाष्याशिवाय काम होणार नाही, हे गृहीत धरावे. दुभाषा कोण आहे, यावर कोण मोकळेपणाने बोलेल हे ठरते. गावच्या प्रमुखाचा नातेवाईक सोबत असताना जमिनीच्या वादाविषयी खरे उत्तर मिळणे अवघड असते, आणि बाळंतपणाविषयीचे प्रश्न पुरुष दुभाष्यामार्फत विचारणेच चुकीचे आहे. दुभाष्याला योग्य मोबदला द्यावा आणि त्याची किंवा तिची हरकत नसेल, तर प्रबंधात नावानिशी उल्लेख करावा. हे अनेक विद्यार्थी विसरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

परवानगीचे काम आधीच सुरू करा. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता पुरेशी नसते. केनियात संशोधनासाठी राष्ट्रीय विज्ञान, तंत्रज्ञान व नवोपक्रम आयोगाचा परवाना लागतो. गावात संमती घेताना केवळ कागदावर सही घेऊन थांबू नका. मुलाखतीतून त्या कुटुंबाला कोणतीही मदत मिळणार नाही, नकार दिल्यास काही बिघडणार नाही आणि बोलणे मध्येच थांबवता येईल, ही तिन्ही वाक्ये त्यांच्या भाषेत उच्चारली गेली पाहिजेत. परदेशी पाहुण्यामागून मदत येते, असा अनुभव पुष्कळ गावांना आहे, आणि त्या आशेपोटी दिलेली उत्तरे तुमच्या वहीत माहिती म्हणून उतरतात.

प्रश्न : माझा कल मुलाखतींकडे आहे. याच अभ्यासक्रमातील संख्याशास्त्राचा विषय टाळला तर चालेल का?

उत्तर : टाळू नये. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांच्यासह ज्यांना मिळाले, त्या मायकेल क्रेमर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह केनियातील ग्रामीण शाळांत एक प्रयोग केला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या शाळांना पाठ्यपुस्तके पुरवण्यात आली आणि त्यांची तुलना इतर शाळांशी करण्यात आली. सरासरी गुण वाढले नाहीत. जी मुले आधीपासून हुशार होती, त्यांनाच लाभ झाला. तुलनेचे आकडे हाती नसते, तर पुस्तके वाटणाऱ्या प्रत्येकाला आपले काम यशस्वी झाले असेच वाटले असते. मात्र असे का झाले, हे समजण्यासाठी वर्गात काय चालते याची माहिती हवी होती : पुस्तके इंग्रजीत होती, आणि त्यांतील कित्येक मुलांची ती तिसरी भाषा होती.